दीड हजारात मनगटावर दवाखाना?

दांडिया बाजारपासून कारेलीबागेपर्यंत, जिथे जिथे बडोद्याच्या मराठी मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत तिथे सध्या एक मजकूर फिरतोय. मूळ कुणी लिहिला कळायला मार्ग नाही, पण 'आपल्या माणसांना नक्की पाठवा' ही आज्ञा खाली आहेच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दीड हजाराचं स्मार्टवॉच शुगर, बीपी, ईसीजी, ऑक्सिजन सगळं घरबसल्या दाखवतं, महागड्या घड्याळातही सेन्सर तोच असतो, जादा पैसे फक्त नावाचे, रोज दहा हजार पावलं चाला, घड्याळातल्या कॅलरी बघा, डॉक्टरची पायरी चढावी लागणार नाही.

यातलं सगळंच खोटं असतं तर एका ओळीत विषय मिटला असता. पण थोडं खरं आहे, आणि त्या थोडक्याच्या आडून बाकीचं खपून जातं.

'सुई न टोचता शुगर'

निव्वळ थाप. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशाराच दिला होता की, त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजतो म्हणणाऱ्या एकाही स्मार्टवॉचला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका. दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर वेगळा. त्याचा केसासारखा तंतू त्वचेखाली जातो आणि त्याने मोजलेला आकडा काही घड्याळांवर दिसतो, इतकंच. ज्यांच्या घरी कुणी इन्सुलिन घेतं त्यांनी हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. घड्याळाने फुगवून दाखवलेल्या साखरेवर विसंबून डोस वाढवला, तर माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो.

'बीपीचं मशीन आता माळ्यावर टाका'

मला खरी काळजी या वाक्याची वाटते, कारण हे ऐकणारे बहुतेक साठीच्या पुढचे आहेत आणि रोज गोळी घेणारे आहेत.

घड्याळ उलटं करून बघा. हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश घटतो, आणि त्या चढउतारावरून नाडी मोजली जाते. इथपर्यंत ठीक. पण रक्तदाब म्हणजे धमनीच्या भिंतीवरचा जोर. तो मोजायला दंडाचा पट्टा हवा भरून धमनी दाबतो आणि मग हळूहळू सोडतो. दिवा काही धमनी दाबत नाही. म्हणजे घड्याळ बीपी मोजत नाही, अंदाज बांधतं. सॅमसंगच्या महागड्या घड्याळालाही बीपी दाखवण्यासाठी दर २८ दिवसांनी दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. ओमरॉनने मनगटावर खरोखर बीपी मोजणारं घड्याळ काढलं, तर त्याच्या पट्ट्यातच हवेची पिशवी घालावी लागली. आता दीड हजारातल्या घड्याळाने ही दोन्ही लफडी टाळून आकडा कुठून आणला? ॲपमध्ये तुम्ही वय, उंची, वजन भरलंत ना, त्याला नाडीची फोडणी दिली की एक सभ्य आकडा तयार होतो.

आमच्या शेजारच्या काकांचा यावर विश्वास बसेना. शेवटी खंडेराव मार्केटातून आणलेल्या एका जाड काकडीला त्यांचंच घड्याळ बांधलं आणि बटण दाबलं. मिनिटभर वर्तुळ गरगरलं, आणि काकडीचं बीपी ११८/७६ आलं. अगदी ठणठणीत. काकू म्हणाल्या, "तुमच्यापेक्षा बरी प्रकृती आहे हो तिची." न्यायाने सांगायचं तर निर्जीव वस्तूवर नाडीचा आकडा चांगली घड्याळंही कधी कधी दाखवतात, कारण परत येणाऱ्या प्रकाशात ती कसला तरी ठेका शोधत बसतात. पण वरचं आणि खालचं बीपी इतक्या आत्मविश्वासाने सांगणं, तेही काकडीला, ही शुद्ध बनवाबनवी.

गंमत म्हणजे दंडाला बांधायचं चांगलं डिजिटल मशीन साधारण दीड ते अडीच हजारांत येतं. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड छातीच्या उंचीवर ठेवा, मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि वहीत लिहा. डॉक्टरांना ती वही हवी असते.

'ईसीजीसुद्धा'

ईसीजी म्हणजे हृदयाच्या विजेचा आलेख. त्यासाठी विजेचं मंडल (सर्किट) पूर्ण व्हावं लागतं: एक धातूचं टोक मनगटाला आणि दुसऱ्यावर दुसऱ्या हाताचं बोट. बोट टेकवायला जागाच नसेल, तर पडद्यावर धावणारी ती रेघ म्हणजे नुसती चित्रफीत समजा. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ पासून आहे, पण हार्ट अटॅक आपल्याला ओळखता येत नाही असं ॲपल स्वतःच लिहून देतं. दवाखान्यातला आलेख बारा बाजूंनी काढतात, हा एकाच. छातीत दुखत असेल तर मनगटाकडे बघू नका, १०८ लावा.

ऑक्सिजनबद्दल इतकंच की बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा प्रकाश बोटाच्या आरपार जातो, तर मनगटावर तो परतून यावा लागतो. पट्टा सैल असला किंवा हात गार पडला, की आकडा भरकटतो.

'सेन्सर तोच, पैसे नावाचे'

हे अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करायला हवं. हिरवा दिवा आणि प्रकाश टिपणारा तुकडा फार महाग नसतो. शांत बसलेल्या माणसाची नाडी बऱ्यापैकी स्वस्त बँडही ठीक सांगतो. फरक पडतो तो हात हलायला लागल्यावर. हलण्याचा गोंधळ वजा करून ठोका शोधणारं सॉफ्टवेअर आणि ते माणसांवर तपासून घेण्याचा खर्च, पैसे तिथे जातात.

पण म्हणून महागडं घड्याळ म्हणजे ब्रह्मवाक्य, असंही नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात नामांकित उपकरणं तपासली. नाडीत सातांपैकी सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत राहिली. कॅलरीत मात्र सगळ्यांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्के चुकलं, आणि सगळ्यांत वाईट ९३ टक्के! तेव्हा 'आज चारशे जाळल्या' या भरवशावर शेव-उसळीची दुसरी प्लेट मागवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

'रोज दहा हजार पावलं'

हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजायच्या यंत्राबरोबर आला. छान गोल होता म्हणून टिकला. अमेरिकेत वयस्कर स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे जादा फायदा दिसेना. कमाटीबागेत गुडघे धरून दहा हजार पुरे करणाऱ्या मावशींना हे कुणीतरी सांगा. शिवाय घड्याळ पाऊल बघतच नाही, हात बघतं. उत्तरायणात गच्चीवर एका जागी उभं राहून मांजा खेचा, संध्याकाळी तेच घड्याळ तुमची पाठ थोपटेल. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. या महिन्यात गेल्या महिन्यापेक्षा जास्त चाललो का, ते मात्र ते नीट सांगतं.

मग घ्यायचं की नाही?

घ्या की! चालणं, झोपेची वेळ, बसल्या जागची नाडी, औषधाचा गजर, 'उठा आता' ही आठवण, यासाठी ओळखीच्या कंपनीचा दीड ते तीन हजारांतला बँड पुरतो. मरीमाताच्या खांच्यात, म्हणजे बडोद्याच्या मोबाईल बाजारात, ॲपलच्या 'अल्ट्रा' घड्याळाच्या नारिंगी पट्ट्याच्या नकला त्याहून कितीतरी स्वस्तात दिसतील, त्या दागिना म्हणून घ्यायच्या तर घ्या. खोक्यावर ७,९९९ खोडून १,४९९ लिहिलंय म्हणजे साडेसहा हजार वाचले असं नाही, ती वस्तू दीड हजाराचीच असते. 'कनेक्टेड जीपीएस' लिहिलं असेल तर घड्याळ फोनचाच जीपीएस वापरतं, म्हणजे धावताना फोन खिशात लागेल. पोहायचं असेल तर पाण्यापासून बचावाच्या 'आयपी६८' या खुणेवर जाऊ नका, पाण्याचा दाब सोसण्याची '५एटीएम' ही खूण आहे का बघा. बडोद्यात सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते पैसे द्यायच्या आधी विचारा. आणि जे घड्याळ खोक्यावर शुगर मोजतो म्हणतं, त्याच्या पावलांवरही विश्वास ठेवू नका.