होतकरू अण्वस्त्रधाऱ्यांस चार समजुतीच्या गोष्टी

बॉम्ब हवाय? मग जरा लवकर जागे व्हायचे होते. अण्वस्त्र प्रसारबंदी कराराच्या हिशेबात १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट उरकून घेणारे पाच देश अण्वस्त्रधारी, बाकी सगळे संशयित. सहीच न करण्याचाही एक रस्ता आहे. आपण स्वतः त्याच रस्त्याने गेलो, म्हणून त्यावर मी फार बोलत नाही.

तुम्ही मात्र बिनधास्त सही करा. सहीबरोबर शांततामय अणुऊर्जेचा हक्क मिळतो. वीजनिर्मितीचे युरेनियम आणि बॉम्बचे युरेनियम एकाच जातीच्या यंत्रांतून निघते, हा बिचाऱ्या यंत्रांचा दोष.

पुढे व्हिएन्नाहून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक येतील. हसून स्वागत करा, पण नको ती खोली दाखवायला महिने लावा. तेवढ्यात रंगरंगोटी होते. तेहरानच्या कालाये इलेक्ट्रिकमध्ये इराणने २००३ साली हेच केले. म्हणायला तो घड्याळांचा कारखाना. निरीक्षकांना नमुने घेऊ देण्याआधी आतली सगळी डागडुजी झाली होती. पण ही माणसे बंदुका आणत नाहीत, सुती फडकी आणतात. भिंतीवर, सांदीकोपऱ्यात फडके फिरवायचे, पिशवीत सीलबंद करायचे, प्रयोगशाळेत धाडायचे. ताज्या रंगाखालूनही समृद्ध युरेनियमचे, म्हणजे त्याच यंत्रांतून निघालेल्या युरेनियमचे, कण निघालेच. सेनापतींपेक्षा या फडक्याला जास्त भ्या.

कण सापडलेच तर सीरियाचा कित्ता गिरवा. २००७ मध्ये इस्रायलने त्यांची अणुभट्टीचा संशय असलेली एक इमारत उडवली. सीरियाने ढिगारा हटवून त्या जागी दुसरी इमारत उभी केली. तरी युरेनियम सापडले. सीरिया म्हणाला, ते इस्रायलच्या क्षेपणास्त्रांबरोबर आले असेल! इतके निरागस उत्तर सुचायला मुळात तशी सवय लागते.

अगदीच अंगाशी आले तर कलम दहा: तीन महिन्यांची नोटीस द्या आणि करारातून चालू पडा. उत्तर कोरियाने १९९३ मध्ये नोटीस दिली, मुदत संपायला एक दिवस उरला असताना थांबवली. २००३ मध्ये तो शिल्लक दिवस तेवढा वापरायचा आहे म्हणून दार ओढून घेतले. २००६ मध्ये पहिला स्फोट.

प्रामाणिकपणाचा मोह मात्र टाळा. २००३ मध्ये इराकचा अणुकार्यक्रम पुन्हा सुरू झाल्याचा पुरावा नाही असे निरीक्षक सांगत होते. फौजा तरी घुसल्या. त्याच वर्षी लिबियाच्या गद्दाफींनी सगळे सामान सोडून दिले, २०११ मध्ये त्यांचे काय झाले ते जगाने पाहिले. इराण अणुकार्यक्रमाला लगाम घालणारा २०१५ चा समझोता पाळतो आहे असे निरीक्षक अहवालामागून अहवालात लिहीत होते, तरी २०१८ मध्ये अमेरिकाच उठून गेली. युरेनियम समृद्ध करण्यावर ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती, २०२१ मध्ये इराण ६० टक्क्यांवर पोहोचला. फडक्याने धूळ पकडता येते, शब्द फिरवणारा नाही.

राहिले कलम सहा. निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करायच्या, असे त्यात लिहिले आहे. पाच वडीलधारी मंडळी १९७० पासून सद्भावनेच्या शोधात आहेत. त्यांच्या शस्त्रागारांत व्हिएन्नाचे फडके जात नाही, तेव्हा तिथे धूळ किती साचली असेल देव जाणे.