आय वॉज की आय वेअर

‘आय, ही, शी, इट - वॉज. वी, यू, दे - वेअर.’ अकोल्याला पाचवीत आमच्या सरांनी हे पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीतच भेटायची. सरकारने तिला पहिलीच्या वर्गात बसवलं ते थेट २००० साली. मी एकदाच ‘आय वेअर’ म्हणाले आणि हातावर पट्टी बसली. हात चोळत मी विचारलं, “सर, यू म्हणजे तू. तू तर एकटाच, मग त्याले वेअर काहून?” सर म्हणाले, “इंग्रजीत काहून नसते वं. खाली बस.”

तो पाढा मी पुढे बँकेत चाकरी संपेपर्यंत सांभाळला. निवृत्त झाल्यावर लेकीकडे लीड्सला गेले. मनात धाकधूक एवढीच, की खुद्द इंग्रजांसमोर आपलं व्याकरण चुकायला नको.

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडची सत्तरीची बाई म्हणाली, “आय वेअर राइट टायर्ड यस्टर्डे, लव्ह.”

माझा हात आपोआप पट्टी शोधायला लागला. आय वेअर! तेही जन्माने इंग्रज असलेल्या बाईच्या तोंडी! शिवाय ‘राइट’ कशाला मध्येच? आणि लव्ह कोणाला? लेक म्हणाली, “आई, हे यॉर्कशर आहे. इथे असंच बोलतात. राइट म्हणजे खूप. लव्ह म्हणजे आपलं ‘अगं बाई’ समज.” तरी बसच्या ड्रायव्हरने तिकीट देताना “थँक यू, लव्ह” म्हटलं तेव्हा मी पदर सावरून घेतलाच.

पुढच्या आठवड्यात शेजारणीने बोलावलं: “कम राउंड फॉर युअर टी, हाफ फाइव्ह.” टी म्हणजे चहा, यात शंका घ्यायला जागा नव्हती. अडलं ते हाफ फाइव्हपाशी. आम्ही ‘हाफ पास्ट फाइव्ह’ शिकलेलो. इथे ‘पास्ट’ गायब. म्हणजे पाचवा तास अर्धाच झालाय, सबब साडेचार. (जर्मन लोक खरोखर असंच मोजतात, हे जावयाने नंतर सांगितलं. माझं गणित बरोबर होतं, देश तेवढा चुकला.) नुसत्या चहावर भागणार नाही म्हणून मी घरून दोन बशा पोहे खाऊन निघाले. हातात चिवड्याचा डबा.

दार उघडलं तेव्हा बाईच्या डोक्याला कर्लर आणि हातात सोलाणं. बिचारी काही बोलली नाही. तासभर आम्ही दोघींनी मिळून बटाटे सोलले. साडेपाचला समोर आलं ते चीज-कांदा-बटाट्याचं सारण भरून भाजलेलं भलंमोठं ‘पाय’, वर मटार, बाजूला बीन्स. तिथे ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण, आणि दुपारच्या जेवणाला म्हणायचं डिनर! पोह्यांवर पाय रचत मी बसले. बोलता बोलता ती म्हणाली, मुलगा कामावर असतो ‘नाइन व्हाइल फाइव्ह’. व्हाइल म्हणजे ‘असताना’, असं मला शिकवलेलं. नऊ वाजलेले असताना पाच? मी मान डोलावली. पोटात जागा नसली की माणूस वाद घालत नाही. घरी आल्यावर कळलं, तिकडे व्हाइल म्हणजे ‘पर्यंत’.

एका गोष्टीसाठी मात्र मी त्या बाईचे आभार मानते. तिचा म्हातारा नवरा तिला ‘यू’ऐवजी ‘था’ म्हणायचा. हा जुन्या इंग्रजीतल्या ‘दाउ’चा भाऊबंद. दाउ म्हणजे तू, आणि यू हे मुळात अनेकवचन. आपण वडीलधाऱ्यांना तुम्ही म्हणतो तसं इंग्रजही मोठ्यांना यू म्हणू लागले, मग सगळ्यांनाच म्हणू लागले, आणि यूबरोबर अनेकवचनी आर नि वेअर एकट्या माणसालाही चिकटून राहिले. म्हणजे सर, काहून होतं! पन्नास वर्षं उशिरा, बटाट्याच्या सालींच्या ढिगाऱ्यात, पण सापडलं.

सरांचा आणखी एक दंडक होता: वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन नको. जावयाने सांगितलं, रॉबर्ट लाउथ नावाच्या बिशपने १७६२ साली व्याकरण लिहिलं. गंभीर लिखाणात असा शेवट शोभत नाही, असं त्यात म्हटलंय. पण आपल्या भाषेची ओढच तिकडे आहे, हे सांगणारं त्याचं स्वतःचं वाक्य ‘टू’वर संपतं. बिशपला कोणी पट्टी मारल्याची नोंद नाही.

पट्टी मला मात्र दोनदा बसली. दुसरी पुण्यात, लग्नानंतर. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा मी म्हटलं, “येऊन राहिली.” त्या शांतपणे म्हणाल्या, “येऊन मग राहणारच आहेस. आत्ता येतेयस का?” वऱ्हाडातल्या पोराला इंग्रजीचा चालू वर्तमानकाळ शिकवावा लागत नाही. आय ॲम ईटिंग म्हणजे मी खाऊन राहिलो. जसाच्या तसा बसतो. पण पुण्यात हे कोणाला सांगणार? मी मुकाट्याने ‘येतेय’ शिकले. लेकीला तर वऱ्हाडीचा वारासुद्धा लागू दिला नाही.

परतायच्या आदल्या दिवशी सहा वर्षांची नात सोफ्यावर बिस्किटं खात होती. आईने दटावलं, “काय चाललंय?”

“खाऊन राहिली,” नात म्हणाली.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मी बॅग भरण्यात गुंग. “असं नाही म्हणायचं,” ती नातीला म्हणाली, “खातेय म्हणावं. आणि जेवायच्या आधी बिस्किटं कशाला?”

“आय वेअर हंग्री,” नात म्हणाली.