‘पोट भरलेल्यांची चैन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

स. न. वि. वि.

कामातून आणि शिकण्यातून आयुष्याला अर्थ कसा येतो, या विषयावरील माझ्या मागील लेखावर ‘एक वैदर्भीय’ या नावाने आलेली आपली प्रतिक्रिया मी पुन्हा पुन्हा वाचली. मूळ लेख ज्यांच्या वाचनात आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो की, आयुष्याचा हेतू आधी सापडतो आणि मग माणूस कामाला लागतो असे सहसा घडत नाही, हातातले काम नीट करता करता आणि त्यातले न येणारे शिकता शिकताच तो आकाराला येतो, एवढेच मी त्यात म्हटले होते. त्यावर आपण लिहिता की अर्थ, हेतू वगैरे ही पोट भरलेल्यांची चैन आहे. गरिबाला पगार हवा असतो, प्रवचन नको असते. कामात अर्थ शोधा असे सांगणे मालकांच्या सोयीचे असते. अमेरिकेतले दाखले नागपुरात चालत नाहीत. बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीच्या शहरात असे लिहिताना लाज वाटली पाहिजे. आणि सरतेशेवटी, ‘महाशय, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात बसले की असले लेख सुचतात.’

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करणे मला भाग आहे. मी सिव्हिल लाइन्समध्ये राहत नाही आणि कधी राहिलेलोही नाही, पण राहत असतो तरी त्याने काय बिघडले असते हे मला समजलेले नाही. लेखातील एखादे विधान चूक असेल तर ते चूक आहे असे दाखवावे, लिहिणाऱ्याचा पत्ता मनाने ठरवून त्याला त्या पत्त्यावर झोडपू नये. मी माझ्या नावाने लिहितो, आपण टोपणनावाने लिहिता. तो आपला अधिकार आहे, परंतु टोपणनावाआडून दुसऱ्याच्या घराची चौकशी करणे शोभत नाही. ‘महाशय’ हे संबोधनही आपण ज्या स्वरात वापरले आहे तो स्वर मला ऐकू आला.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. लेखात वेतनाविषयी एकही परिच्छेद नव्हता आणि एखादा असता तर बरे झाले असते. दिवसभर राबूनही ज्याच्या हाती किमान वेतन पडत नाही त्याचे वेतन हा पहिला प्रश्न आहे, याबद्दल आपल्यात वाद असण्याचे कारण नाही.

वाद आहे तो ‘पोट भरलेल्यांची चैन’ या शब्दांबद्दल, आणि तो मी सोडणार नाही. माझे वडील नागपुरातील एका कापड गिरणीत सूतकताई खात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांची देणी थकली आणि ती हातात येईपर्यंत आमच्या घरात काय काय विकले गेले ते येथे लिहिण्याची माझी इच्छा नाही. आपण ज्यांच्या वतीने बोलता ती ही माणसे आहेत, आणि मी त्यांच्यात वाढलो आहे. नव्याने लागलेल्या पोरांना तुटलेला धागा गाठ जाणवणार नाही असा कसा सांधायचा हे वडील आपली जेवणाची सुट्टी मोडून शिकवत असत. त्याचा त्यांना एक पैसाही मिळत नव्हता. गिरणी गेल्यावर पगार गेल्याचे दुःख त्यांना होतेच, पण आपल्या बोटांत जे होते ते आता कोणाला द्यायचे, ही बोलणी मी त्यांच्या तोंडून अधिक वेळा ऐकली. ही चैन होती असे म्हणण्याआधी आपण थोडा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

मी स्वतः त्या दिवसांत नागपूरच्या महाल भागातल्या एका खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापणाऱ्या, छापखान्यात लागलो आणि संध्याकाळी कॉलेजला जाऊ लागलो. छापून झालेल्या पानाचे खिळे सोडवून ते लाकडी केसमधील आपापल्या खणात परत टाकायचे, हे माझे काम होते. अक्षर आरशातल्यासारखे उलटे असते आणि देवनागरीत काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे मिळून खणांची संख्या इतकी मोठी असते की पहिले काही आठवडे हात चुकतच राहतो. तेथे एक वयस्कर जुळारी होते. त्यांना पानामागे पैसे मिळत, म्हणजे जितके भराभर जुळवतील तितकी कमाई. असे असूनही लग्नपत्रिकेच्या मजकुरात ‘विवाहदीनी’ असे दिसले की ते हात थांबवीत, चिमट्याने दीर्घ काढून ऱ्हस्व बसवीत, आणि एखाद्या नावाबद्दल शंका आली तर मला सायकलवर ग्राहकाच्या घरी पिटाळीत. एवढ्या वेळात त्यांचे अर्धे पान बुडे. मालक त्यांच्यावर वैतागत, कारण ग्राहकाने जे लिहून दिले ते छापावे आणि पुढचे काम घ्यावे हाच धंद्याचा हिशेब होता. तेव्हा कामात अर्थ शोधणे हे नेहमी मालकाच्याच सोयीचे असते, हे आपले विधान मी माझ्या डोळ्यांनी खोटे ठरताना पाहिले आहे. त्या छापखान्यात अर्थ शोधणारा एकच माणूस होता आणि मालकाला तोच नकोसा होता. शुद्धलेखन मी कॉलेजात नव्हे, त्यांच्या शेजारी उभा राहून शिकलो, आणि पुढे शिक्षक व्हावे हे मला तेथेच सुचले.

आता दीक्षाभूमीविषयी. लाज वाटली पाहिजे, हे आपण ज्या शहराच्या नावाने मला सांगता त्या शहराने या प्रश्नाचे उत्तर आपल्या म्हणण्याच्या नेमके उलट दिलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे जे लाखो लोक जमले त्यांतील बहुतेकांच्या घरी दोन वेळच्या जेवणाची खात्री नव्हती. त्यांना तेथे वेतनवाढ मिळणार नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्याच्या कामाचा विषय घेतला. ते काम सोडले तर कातडी, शिंगे, हाडे यांचे उत्पन्न बुडेल, असा हिशेब त्या काळी मांडला जात असे, आणि माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, या आशयाचे उत्तर त्यांनी त्याला दिले. आधी पोट आणि मग बाकीचे, हा युक्तिवाद म्हणजे तोच जुना हिशेब आहे. उपाशी माणसाला फक्त भाकरी कळते असे म्हणणे त्याला माणूस म्हणून कमी लेखणे आहे, आणि हे कमी लेखणे गरिबांच्या बाजूने बोलण्याचा आव आणून केले म्हणजे मला अधिकच लागते.

यावर आपण म्हणाल की त्या लोकांनी काम सोडले, काम गोड मानून घेतले नाही. बरोबर आहे. कोणतेही काम गोड मानून घ्या, असे मी कुठेही लिहिलेले नाही. जे काम माणसाची मान खाली घालायला लावते ते नाकारण्यातही अर्थाचा शोधच असतो. जातिव्यवस्था ही नुसती श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा १९३६ सालचा विचार आपण मला ऐकवला आहे. तो मला ठाऊक आहे आणि मान्य आहे. लेखाचा विषय तो नव्हता.

अमेरिकेतील दाखल्याबद्दल थोडक्यात. अमेरिकन संशोधक एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९७ च्या अभ्यासात एकाच प्रकारच्या पदावरील २४ प्रशासकीय साहाय्यकांची पाहणी होती. शिक्षण, पगार साधारण सारखेच, आणि तरी कोणी त्या कामाकडे केवळ रोजगार म्हणून, कोणी बढतीची पायरी म्हणून, तर कोणी जीवनकार्य म्हणून पाहत होते, आणि हे तिन्ही गट जवळपास सारखे होते. ही कारकुनी करणारी माणसे आहेत, बंगल्यांतली नाहीत. असा कारकून नागपुरातल्या कोणत्याही कचेरीत भेटेल. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेतून पुढे आलेल्या नयी तालीमवर, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याच्या गांधीजींच्या योजनेवर, आपण घेतलेला, गरिबांच्या मुलांना चरख्याला जुंपण्याचा आक्षेप त्या योजनेइतकाच जुना आहे आणि त्यावर भरपूर लिहिले गेलेले आहे. मी त्यात भर घालत नाही.

वेतन कोणी, किती आणि कसे वाढवावे, यावर मी उत्तर दिलेले नाही असा आपला पुढचा आक्षेप असेल. त्यासाठी स्वतंत्र लेख लिहावा लागेल आणि तो मी लिहीन. आपण जरूर पुन्हा लिहावे, माझी विधाने खोडून काढावीत, हवे तितके कठोर व्हावे. फक्त गिरणीतल्या माणसांना काय हवे होते हे मला शिकवू नये.