स्वेटरची अग्निपरीक्षा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, स्वेटर थंडीपेक्षा नाटकासाठी जास्त लागतो. भाऊबीजेपासून मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू झाली की रात्री नऊचं नाटक साडेदहाला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मंडपाला वरून कापड, बाजूनं नुसता वारा. गेल्या वर्षीच्या माझ्या स्वेटरला दुसऱ्याच नाटकात इतके गोळे आले की लोकांना वाटे, हा गोखरूच्या बांधावर लोळून आला. कोपरं तर अशी फुगली की खुंटीला टांगला तरी आत कोणीतरी हात वाकवून उभं आहे असं वाटायचं.

यंदा पारख शिकून गेलो. मनगटाची पट्टी ताणून सोडायची. झटकन जागेवर आली तर वीण घट्ट. उजेडासमोर धरायचा, पलीकडचं भजीचं दुकान दिसलं तर परत ठेवायचा. तळहातानं चोळायचा, तेवढ्यानंच रोवा सुटला तर धाग्यातले तंतू तोकडे, पीळ सैल, गोळे ठरलेले. शेवटी अग्निपरीक्षा: लोकर जाळली की केस जळाल्याचा वास येतो आणि राख चिमटीत मोडते. अ‍ॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावकडं १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात तिथल्या एक ताई लुधियानाचा माल घेऊन आमच्या बाजारात बसतात. मी सातवा स्वेटर उजेडात धरला तशी बायको म्हणाली, "अजी, घ्या ना एखादा! बैलाचे दात मोजून राहिले का?"

तिची नजर चुकवून बाहीच्या टोकाचा धागा ओढला. तो येतच राहिला, कोशातून कोसा निघावा तसा. दातानं तोडला, तोंडापाशी धरून काडी लावली. केस जळाल्याचा वास!

"लोकर!" मी ओरडलो.

"मिशी!" बायको ओरडली.

धाग्याच्या टोकाला काळा, टणक मणी झाला होता. ताई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, अ‍ॅक्रिलिक आहे. आतल्या पट्टीवर लिहिलं आहे. विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

बाही वीतभर उसवली होती, तेव्हा घेणं भागच होतं. त्यांनी आपणहून पन्नास रुपये कमी केले. बाहीचे की मिशीचे, हे विचारलं नाही.

त्या रात्री नाटकात खलनायकाची अर्धी मिशी निघाली. सगळा मंडप त्याच्याकडं पाहून हसला, बायको माझ्याकडं.