डी ड्राइव्ह गेली, वायफाय बंद पडलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही विंडोजसारखी, पण मोफत सिस्टिम बसवण्याबद्दलचा माझा लेख वाचून तुमच्या भाच्याने घरातल्या २०११ सालच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं. त्यात डी ड्राइव्हवरचे फोटो गेले, वायफाय चालेना आणि वडिलांच्या श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली उघडल्या तर नुसती चिन्हं दिसू लागली. 'फुकटची सिस्टिम ज्यांच्याकडे फुकट वेळ आहे त्यांच्यासाठी असते, साध्या माणसांना या नादी लावू नका', असं तुम्ही लिहिलंत. फोटो गेल्यावर राग येणारच. पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. का, ते खाली लिहितो, पण फोटोंचं काम थांबण्यासारखं नाही, म्हणून आधी तेच.

लॅपटॉप ताबडतोब बंद करा आणि त्या डिस्कवरून चालू करू नका. तुमची डिस्क जुनी फिरती हार्ड डिस्क आहे, ही या क्षणी चांगली गोष्ट आहे. फॉरमॅट केल्यावर तिच्यावर नवे तक्ते (कुठली फाइल कुठे आहे याच्या नोंदी) लिहिले जातात, पण ज्या जागेवर काही नवं लिहिलं गेलं नाही तिथला मजकूर तसाच राहतो. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असती तर फॉरमॅट होतानाच रिकामी जागा पुसून टाकण्याची सूचना डिस्कला गेली असती आणि आशा फारच कमी उरली असती. मात्र मिंट ज्या पद्धतीने डिस्क फॉरमॅट करतं, त्यात काही तक्ते पहिल्यांदा वापर सुरू झाल्यावर मागच्या मागे लिहिले जातात. म्हणून लॅपटॉप जितका कमी चालेल तितकं बरं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला यूएसबी केसमधून जोडा आणि फोटोरेक हे मोफत साधन चालवा. सापडलेले फोटो दुसऱ्याच डिस्कवर साठवा, त्याच डिस्कवर कधीही नाही. फाइलींची नावं आणि फोल्डर परत मिळणार नाहीत, काही फोटो अर्धवट निघतील. पण फोटो ओळखायला नावं लागत नाहीत.

आता, हे झालं कसं? तुम्ही म्हणता, 'विंडोजशेजारी बसवा' हा पर्याय माझ्या लेखात होता, पण भाच्याला पडद्यावर तो दिसलाच नाही, 'संपूर्ण डिस्क पुसा' एवढंच ठळक दिसलं. याचं कारण बहुधा विंडोज ७ च्या काळातल्या डिस्कच्या मांडणीत आहे. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपवर डिस्क विभागण्याची एमबीआर नावाची पद्धत असे आणि तिच्यात फक्त चार प्रायमरी पार्टिशन, म्हणजे डिस्कचे मुख्य कप्पे, बसतात. एक छोटं १०० एमबीचं सिस्टिमसाठी राखीव, एक कंपनीचं रिकव्हरीचं, एक सी, एक डी : झाले चार. मग डीमधून ५० जीबी जागा कापून मोकळी केली तरी पाचवं पार्टिशन बनत नाही. मोकळी जागा समोर दिसते, पण इन्स्टॉलर (मिंट बसवणारा प्रोग्रॅम) ती 'निरुपयोगी' म्हणून दाखवतो आणि शेजारी बसवण्याचा पर्याय गाळून टाकतो. बिघाड लॅपटॉपचा नाही, मिंटचाही नाही. चारांतलं एक कमी केलं की वाट मोकळी होते, आणि बहुतेकदा ते रिकव्हरीचंच असतं, कारण आपल्याकडे दुकानातून एकदा विंडोज टाकून घेतलेल्या लॅपटॉपला ते पार्टिशन पुढे कधीच उपयोगी पडत नाही.

म्हणूनच मी लाइव्ह सेशनवर, म्हणजे मिंट न बसवता आधी चालवून पाहण्यावर, एवढा भर देतो. पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं की आधी पूर्ण डेस्कटॉप समोर येतो आणि इन्स्टॉलर हे त्यावरचं फक्त एक आयकॉन असतं. ते दाबेपर्यंत डिस्कवर अक्षरही लिहिलं जात नाही. वायफाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, जीपार्टेड या डिस्कची मांडणी दाखवणाऱ्या साधनात पार्टिशन किती आणि कोणती, हे सगळं तिथेच कळतं. डी ड्राइव्ह बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं कामही त्याच डेस्कटॉपवरून होतं. ज्यांना हे करायचा कंटाळा आहे त्यांनी पुढे जाऊच नये, हे मी कुणालाही स्पष्ट सांगेन. यूट्यूबवर 'दहा मिनिटांत लिनक्स' दाखवणारे नेमकी हीच पायरी गाळतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

वायफायचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. तुम्ही चिप ब्रॉडकॉमची असल्याचं लिहिलंय. तिच्या बऱ्याच जुन्या चिपांचा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) मुक्त परवान्याचा नाही, म्हणून तो वेगळा बसवावा लागतो, आणि बसवायला सहसा इंटरनेट लागतं. फोटो निघाल्यानंतर फोन केबलने लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट केबलने लॅपटॉपला देणं) सुरू करा, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, सुचवलेला ड्रायव्हर निवडा, रीस्टार्ट करा.

श्रीलिपीचं मात्र गंभीरपणे घ्या. त्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीत. तो विशिष्ट फॉन्ट नसेल तर नव्याकोऱ्या विंडोजवरही त्या तशाच दिसतील. जुन्या संगणकातली फॉन्टची फाइल मिंटमध्ये कॉपी केली तर लिब्रेऑफिस या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मजकूर वाचता येईल, छापताही येईल. पण वडिलांना त्याच पद्धतीने रोज नवं टाइप करायचं असेल, तर त्यांचं काम विंडोजवरच राहू द्या. टॅलीवर ज्यांचा धंदा चालतो किंवा ज्यांना सरकारी पोर्टलवर डिजिटल सहीची टोकन वापरावी लागते, त्यांनाही मी हेच सांगतो.

उरला तुमचा शेवटचा मुद्दा, की सरळ नवा लॅपटॉप घ्यावा. ज्यांना परवडतो त्यांनी जरूर घ्यावा. पण विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या, मोजके अपवाद सोडता, प्रोसेसरवर चालत नाही. म्हणजे घराघरांतली असंख्य धडधाकट यंत्रं केवळ अपडेट नाहीत म्हणून टाकाऊ ठरतात. ज्या मुलीला अकरावीच्या नोट्स टाइप करायच्या आहेत, ज्या आजींना लेकीशी व्हिडिओवर बोलायचं आहे, त्यांच्यासाठी चार जीबी रॅमचा २०११ चा लॅपटॉप मिंटच्या एक्सएफसीई या हलक्या आवृत्तीवर पुरतो. अशा घरांना 'या नादी लागू नका' म्हणायला माझी तयारी नाही. फोटो निघाल्यानंतर तोच लॅपटॉप वापरायचा ठरवलात, तर पहिला खर्च एसएसडीवर करा. जुनी डिस्क बाजूला काढून ठेवा आणि नव्या एसएसडीवर मिंट पहिल्यापासून बसवा.