चौपन्न टक्के आशावाद

फेब्रुवारीच्या मध्यावर सिॲटलमध्ये पावसाची पिरपिर चालूच असते, परंतु तिकडे ॲरिझोनातल्या पिओरिया गावी आमच्या मॅरिनर्स या बेसबॉल संघाचे पिचर (चेंडू टाकणारे) आणि कॅचर (फलंदाजामागे बसून तो झेलणारे) लख्ख उन्हात सरावाला उतरल्याची छायाचित्रे येऊ लागतात, आणि ऑफिसात कॉफीच्या यंत्रापाशी कोणीतरी मला हटकतोच : "मग, यंदा काय वाटते?" विचारणाऱ्याला दोन वाक्यांचे उत्तर हवे असते. माझ्यापाशी ते अर्ध्या तासाचे असते, आणि ते ऐकल्यावर बहुतेक लोक हंगाम संपेपर्यंत दुसऱ्या मजल्यावरची कॉफी पसंत करतात.

माझे असे स्पष्ट मत आहे की, वाईट संघाचा चाहता सुखी असतो. शिकागोचा व्हाइट सॉक्स संघ २०२४ मध्ये १६२ पैकी १२१ सामने हरला. त्याच्या पाठीराख्यांना मे महिन्यातच परिस्थितीची पूर्ण कल्पना आली असणार, आणि उरलेला उन्हाळा त्यांनी बागकाम, मुलांचा अभ्यास, गळक्या नळांची दुरुस्ती अशा विधायक कामांत घालवला असणार. आमच्या घरातले नळ अजून गळतात, कारण आमचा संघ चांगला आहे. छळ आहे तो हाच.

मॅरिनर्स १९७७ पासून खेळत आहेत. मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ आहेत आणि त्यांपैकी वर्ल्ड सिरीज ही अंतिम लढत एकदाही न खेळलेला संघ एकच आहे, आमचा. जिंकणे दूरच राहिले, खेळलेलाच नाही. यावरून संघ टाकाऊ असावा असा कोणाचा समज होईल, तर २००१ साली याच संघाने ११६ सामने जिंकले होते. एका हंगामात इतके विजय त्याआधी फक्त शिकागो कब्जने, तेही १९०६ मध्ये, मिळवले होते. एवढा पराक्रम करून आम्ही बाद फेरीत न्यू यॉर्कच्या यांकीजकडून पाच सामन्यांत चार-एक असे हरलो आणि त्यानंतर २०२२ पर्यंत आम्हाला बाद फेरीचे दर्शनही झाले नाही. त्या वर्षी आमचा कॅचर कॅल रॉली याने नवव्या, म्हणजे एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये होम रन मारून (चेंडू थेट कुंपणापार धाडून) दार उघडले, आम्ही आत डोकावलो आणि पुढची दोन वर्षे पुन्हा बाहेरच राहिलो. दोन्ही वेळा बरोबर एका विजयाच्या फरकाने. पंगतीत जिलेबीचे ताट आपल्या शेजाऱ्यापर्यंत येऊन तिथे रिकामे व्हावे, आणि हे दरवर्षी व्हावे, अशी ही अवस्था आहे.

२०२३ च्या हंगामानंतर संघाच्या कारभाऱ्यांपैकी एका गृहस्थांनी पत्रकारांसमोर असा हिशेब मांडला की, दहा वर्षे सरासरी ५४ टक्के सामने जिंकत राहिले की वर्ल्ड सिरीज गाठता येते, आणि चाहत्यांना तोवर धीर धरायला सांगणे हे चाहत्यांच्याच भल्याचे आहे. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. १६२ चे ५४ टक्के म्हणजे साधारण साडेसत्त्याऐंशी. त्या वर्षी आम्ही ८८ सामने जिंकून घरी बसलो होतो. म्हणजे योजना तंतोतंत पार पडली होती, तक्रारीला जागाच नव्हती.

गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, मात्र खरोखरच सगळे जुळून आले. रॉलीने ६० होम रन मारले. कॅचरचे काम उकिडवे बसून गुडघे झिजवण्याचे; त्या माणसाने असे काही करावे हे आजवर कोणी पाहिले नव्हते. एका चाहत्याने पैसे मोजून ऑनलाइन चेटकिणीकडून संघासाठी मंत्रतंत्र करवून घेतले आणि संघ जिंकत सुटला. सामन्याच्या मध्यंतरात चार जण सामन माशांची सोंगे घेऊन मैदानात शर्यत लावतात, त्यांतला हंपी नावाचा मासा कधीच जिंकत नसे. डेट्रॉइटविरुद्धच्या निर्णायक सामन्यात तोही जिंकला, आणि बरोबरीमुळे लांबत गेलेल्या पंधराव्या इनिंगमध्ये आम्हीही. एवढे शकुन झाल्यावर विज्ञाननिष्ठ माणसाने तरी काय करावे?

दिवाळीसाठी माझे सासरे, नाना, सांगलीहून आले होते. विजय हजाऱ्यांच्या गावचे असल्याने चेंडूफळीच्या कोणत्याही प्रकाराबद्दल आपले मत ग्राह्य धरले जावे अशी त्यांची अपेक्षा असते. २० ऑक्टोबरला टोरांटोत ब्लू जेजविरुद्ध सातवा आणि शेवटचा सामना होता, जिंकलो तर थेट वर्ल्ड सिरीज. आणि सिॲटलच्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजनही त्याच संध्याकाळी होते. बायकोने टीव्ही चालू ठेवण्यास परवानगी दिली, परंतु आवाज बंद आणि तोंड चौरंगाकडे या अटींवर. सातव्या इनिंगला आम्ही तीन-एक असे पुढे होतो. आठ जण बाद करायचे उरले होते. नानांनी आरतीसाठी घंटा हाती घेतली, आणि मला डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून जॉर्ज स्प्रिंगरने टोलवलेला चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे जाताना दिसला. तीन धावा. पडद्यावर हजारो माणसे नाचू लागली.

"अहो, हे आपले की त्यांचे?" नानांनी घंटा वाजवता वाजवता विचारले.

"त्यांचे."

"मग घंटा थांबवू का?"

घंटा थांबली नाही. आरती झाली, प्रसाद झाला, आम्ही चार-तीन असे हरलो. फराळाच्या ताटावर नाना बराच वेळ बोटांवर काही मोजत होते. बाद फेरीचे बारा धरून ते शेवटी म्हणाले, "एकशे चौऱ्याहत्तर सामने खेळून आठ गडी बाद करता आले नाहीत?" या प्रश्नाला बेसबॉलमध्ये उत्तर नाही. क्रिकेटमध्येही नसावे.

खरी पंचाईत यानंतर झाली. संध्याकाळी सहा चाळीसला सिॲटलमध्ये सुरू होणारा सामना उन्हाळ्यात सांगलीत सकाळी सात दहाला, म्हणजे नानांच्या दुसऱ्या चहाच्या वेळी पडतो, हे त्यांना कळून चुकले आहे. त्यामुळे यंदा कॉफीच्या यंत्राआधी त्यांचाच फोन आला. गिल्बर्ट, कर्बी, वू, कॅस्टिलो, मिलर ही आमच्या पिचरांची नावे ते आता मनाच्या श्लोकांच्या चालीवर घेतात. फलंदाजांपैकी जॉश नेलरला पाच वर्षांसाठी राखून ठेवले हे उत्तम झाले, पोलांकोला न्यू यॉर्कला जाऊ दिले हे त्यांना पटलेले नाही, आणि रॉलीचे ६० पुन्हा होतील अशी आशा धरू नये, ४० धरावेत, असा त्यांचा वडीलकीचा सल्ला आहे. एकंदरीत ९० विजय नक्की, असे त्यांचे अनुमान आहे. मी ८८ म्हणालो, तर "अहो, इतके निराश होऊन कसे चालेल?" असे त्यांनी मला सुनावले.

मग त्यांनी कॅलेंडर उघडले. लक्ष्मीपूजन यंदा ८ नोव्हेंबरला, तोवर सगळे आटोपलेले असणार; पण दसरा बरोबर २० ऑक्टोबरलाच आला आहे, तेव्हा सीमोल्लंघनाला सिॲटललाच येतो, विमानाचे तिकीट आत्ताच स्वस्तात काढून ठेवा, असा त्यांचा आग्रह आहे. मी तिकीट काढले आहे. थोडे महाग पडले, परंतु ते सप्टेंबरअखेरपर्यंत रद्द करता येते.