नकाशावरची ‘मोकळी जागा’

मागच्या वर्षी एका कोळीवाड्यालगतच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीला बसलो होतो. पडद्यावरच्या नकाशात किनाऱ्याचा एक पट्टा ‘मोकळी जागा’ म्हणून रंगवला होता. मागच्या रांगेतल्या एक वयस्क मावशी उठल्या, थेट पडद्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “साहेब, ही जागा मोकळी नाय. इथं आमचे बोंबील सुकतात.” ‘सूचनेची नोंद घेतली’ असे उत्तर मिळाले आणि पुढची स्लाइड आली.

आपल्याकडे स्थानिकांचा ‘सहभाग’ म्हणतात तो बहुतेक वेळा एवढाच असतो. जमीन आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्यांना आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी बोलावले जात नाही आणि त्यांच्या नकाराला वजन नसते, तोवर त्याला भागीदारी म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वरळीचे उदाहरण ताजे आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमधले अंतर आधी ६० मीटर ठरले होते. वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून रोज होड्या काढणारे मच्छीमार सांगत होते की वारा आणि ओढ असताना होडी सरळ रेषेत जात नाही, ती बाजूला वाहते, आणि त्यात समोरून दुसरी होडी आली तर एवढ्या जागेत निभाव लागायचा नाही. हे समजायला मोठे गणित लागत नाही, भरतीच्या वेळी एक फेरी पुरते. तरीही काम अडवावे लागले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये कुठे १२० मीटरचे अंतर मान्य झाले. मच्छीमारांची मागणी त्याहून जास्त होती.

कॅनडाच्या पश्चिमेकडील ग्वाय हानास बेटांवर तिथल्या मूळनिवासी हैदा लोकांनी १९८५ मध्ये जंगलतोडीच्या वाटा अडवल्या आणि १९९३ मध्ये सरकारशी करार झाला. मला त्यातली एक गोष्ट फार आवडते: बेटे कोणाच्या मालकीची, यावर दोघांचे एकमत झाले नाही, म्हणून करारात दोघांचे दावे शेजारी-शेजारी लिहिले आणि कारभारासाठी दोन्ही बाजूंचे समसमान सदस्य असलेले मंडळ नेमले. भांडण मिटण्याची वाट न पाहता राखणीचे काम सुरू झाले. २०१० पासून भोवतालचा समुद्रही संरक्षित आहे.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वन राखण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर तो मिळवला. इथे मुंबईत आरेच्या पाड्यांवर वारली माणसे वाघोबाला पुजत बिबट्याच्या शेजारी राहत आली आहेत, पण जंगलाच्या कारभारात त्यांची खुर्ची कुठे आहे? समुद्रावर तर कोळ्यांना असा हक्क देणारा कायदाच नाही.

त्या मावशींच्या वाळवणाची जागा परवा मिळालेल्या नकाशातही मोकळीच दाखवली आहे.